चढणीच्या वाटेवर

संकेश्वर मागे पडलं की रस्त्याला नदीची सोबत मिळते. दुकानांच्या पाट्या कानडीतही आणि मराठीतही. बाजारातून जाताना संकेश्वरी मिरचीचा ठसका गाडीच्या बंद काचांनाही जुमानत नाही. पुलाखालून वाहते ती हिरण्यकेशी. इथे ती रुंद, मातकट आणि दोन्ही काठांनी उसात बुडालेली. पुढे ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि हे सगळं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. मला मात्र उलट जायचं होतं. नदीच्या बाजूबाजूने वर, ती जिथे डोंगरातून बाहेर पडते त्या आंबोलीपर्यंत, आणि मग घाट उतरून मालवणच्या समुद्रापर्यंत. मृगाचा पाऊस नुकताच लागला होता. या दिवसांत मासेही हीच दिशा धरतात.

गडहिंग्लजच्या पुढे नदीवर एकामागून एक कोल्हापूर पद्धतीचे बंधारे दिसतात. पावसाळा संपताना त्यांच्या खांबांमध्ये बरगे बसवून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याआधी ते काढून नदी मोकळी करायची, हा इथला जुना शिरस्ता. एका बंधाऱ्यावर काढलेले बरगे रचून ठेवले होते आणि त्यांच्यावर बसून काही माणसं तंबाखू मळत होती. "पावनं कुठलं म्हणायचं?" पुण्याचं म्हटल्यावर एकाने लगेच विचारलं, "खडकवासल्यात किती हाय पाणी?" मला आकडा सांगता आला. आमच्याकडे तो रोज सकाळी वर्तमानपत्रात टीएमसीत छापून येतो. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला यांची बेरीज पुणेकराला पाढ्यासारखी पाठ असते. त्या पाण्यात काय जगतं, याचा आकडा मात्र कोणी छापत नाही.

तो आकडा कोणीतरी ठेवला होता, म्हणून पुण्याच्या नद्यांचं काय झालं ते आज सांगता येतं. ए. जी. एल. फ्रेझर यांनी १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची यादी छापली. पुढे २००३ मध्ये संजय खरात, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या माशांचा नव्याने शोध घेऊन आजची यादी जुन्या नोंदींशेजारी ठेवली, आणि तो लेख 'करंट सायन्स'मध्ये आला. काही देशी जाती सापडेनाशा झाल्या होत्या, बाहेरून आणून सोडलेल्या माशांनी जागा घेतली होती. जुनी यादी नसती तर 'पूर्वी खूप मासे होते' एवढंच म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं. त्याहून मागे जायचं तर कर्नल साइक्स यांनी १८३९च्या सुमारास दख्खनच्या माशांचं वर्णन केलं, तेव्हा कित्येक जातींना इथल्या कोळ्या-भोयांच्या तोंडची नावंच शास्त्रीय नावं म्हणून दिली. साहेबाला मासे दाखवणारी माणसं अर्थातच इथली होती.

आजऱ्याला हवा बदलते. उसाची जागा भात घेतो, आणि तोही साधा नाही. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला आजरा घनसाळ, शिजताना सगळ्या घरात वास दरवळणारा. संकेश्वरात ताटात ज्वारीची भाकरी आणि खर्डा होता, आजऱ्याच्या खाणावळीत भाताचा ढीग आणि तांबडा रस्सा. वाढणारा माणूस ताट रिकामं होऊच देत नव्हता. 'पुरे' हा शब्द या पट्ट्यात कोणी मनावर घेत नाही.

गावाबाहेर रामतीर्थाला नदी खडकांवरून उड्या घेत येते. देवळाच्या पायऱ्यांवर शाळकरी पोरं पाण्याकडे टक लावून उभी होती. पहिल्या पावसाचं पाणी ओढ्यांतून नदीत आलं की मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात, ओढ्यांत शिरतात, तिथून वाफ्यांत. उथळ, उबदार, गवताळ पाण्यात अंडी घालायची आणि परतायचं, असा त्यांचा बेत. हेच चढणीचे मासे. घाटावर आणि कोकणात दोन्हीकडे त्यांची वाट पाहतात. बांधाच्या तोंडाशी बांबूचे सापळे लावतात, रात्री बॅटऱ्या घेऊन शेतात उतरतात. चवीला तो काळ सर्वांत चांगला, कारण मादीच्या पोटात गाबोळी असते. आणि संख्येच्या दृष्टीने सर्वांत वाईट, त्याच कारणाने. पोरांपैकी एकाने सांगितलं, आजोबा म्हणतात पूर्वी टोपलीने मासे यायचे. टोपली केवढी, कोणत्या साली, कोणत्या ओढ्यात? पोरगं हसलं. असले प्रश्न घरात कोण विचारतो?

आजऱ्याहून आंबोली जवळ येते तसतसा पाऊस जाड होत जातो. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. समुद्रसपाटीपासून जेमतेम सातशे मीटर उंचीवरच्या या गावात त्याच्या दहापट. वेंगुर्ले बंदर आणि बेळगाव यांच्यामधला हा रस्ता, इंग्रजांच्या काळी पलटणीच्या मुक्कामाची जागा. १८८०च्या सुमारास कर्नल वेस्ट्रॉप यांनी तिला थंड हवेच्या ठिकाणाचं रूप दिलं. महाबळेश्वर-माथेरानची शान आंबोलीला कधी आली नाही, आणि गावाला त्याची खंतही दिसत नाही. बाजार एवढासा. दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलता बोलता दारातल्या बादलीचं पाणी ओतून टाकतो, ती पुन्हा गळतीखाली ठेवतो. धुतलेले कपडे चुलीवरच्या दोरीला टांगलेले, त्यामुळे गावातल्या प्रत्येक सदऱ्याला धुराचा वास.

मुक्कामाच्या घरी रात्री कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात आणि सुक्या बांगड्याची किसमूर. ताजा मासा नाही का, हा प्रश्न फक्त परगावचा माणूस विचारतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. समुद्र खवळलेला असतो आणि बहुतेक माशांचा विणीचा हंगाम चालू असतो. समुद्राच्या माशाला कायद्याने दिलेली ही दोन महिन्यांची उसंत ओढ्याच्या माशाला मिळत नाही. घरच्या काकूंना हा मुद्दा पटला, पण अर्धाच. "वर्षातसून एकदा गावता ता कोण सोडतलो?" त्यांनी भात वाढता वाढता विचारलं.

सकाळी हिरण्यकेशीला गेलो. डांबरी रस्ता सोडल्यावर वाट झाडीत शिरते, आणि देवळाआधी गारवा येतो. डोंगराच्या पोटात गुहा, तिच्या तोंडाशी महादेवाचं लहानसं देऊळ, आणि आतून बाहेर येणारं पाणी समोरच्या कुंडात साठतं. संकेश्वरला पुलाखालून वाहणारी मातकट नदी ती हीच. इथे तळातला खडा न् खडा दिसतो. पायऱ्यांवर चपला काढलेल्या, फुलं, अगरबत्तीचा धूर, भिजलेल्या पायांनी उभे असलेले भाविक. कुंडाच्या कडेला पोटावर झोपलो तर एका वयस्क गृहस्थांनी हटकलं, "हात घालू नकात पाण्यात." घालायचा नव्हताच.

बराच वेळ काही दिसलं नाही. मग दोन दगडांच्या मधल्या वाळूचाच एक तुकडा हलला. बोटाएवढाही नसलेला मासा, तोंडाशी मिशा, अंगावर आडवे पट्टे; प्रवाहात पोहण्यापेक्षा तळाला चिकटून सरकण्याकडे त्याचा कल. लोच कुळातला हा मासा ऑक्टोबर २०२०मध्ये 'अ‍ॅक्वा' या मत्स्यशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या नावाने जगासमोर आला. लेखक होते पोर्ट ब्लेअरच्या केंद्रीय द्वीप कृषी संशोधन संस्थेतले जयसिंहन प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमण्यन. पुढच्याच मार्चमध्ये राज्य सरकारने जैवविविधता कायद्याखाली इथली २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासेमारीमुळे ही जात नामशेष होण्याची भीती, हे कारण होतं. क्रिकेटची दोन मैदानंही धड मावणार नाहीत एवढी ही जागा.

माशाच्या दृष्टीने तीही पुष्कळ आहे, जर पाणी असंच राहिलं तर. झऱ्याचं पाणी थंड असतं, आणि थंड पाण्यात प्राणवायू अधिक मावतो. २० अंश सेल्सियसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. वरची झाडी तोडली, ऊन सरळ पाण्यावर आलं, की हा हिशेब बिघडतो. डासांच्या बंदोबस्तासाठी कोणी गप्पी मासे आणून सोडले तरी बिघडतो. गप्पी कशातही तग धरतात आणि देशी माशांच्या खाण्यावर आणि अंड्या-पिल्लांवर ताव मारतात. म्हणून अशा जागी जाळं लावण्यापेक्षा वर्षानुवर्षं तापमान, प्राणवायू आणि दिसलेले मासे टिपत राहणं जास्त मोलाचं. नवी जात सापडली ती बातमी एकाच दिवसाची. ती पुढच्या वर्षीही आहे का, हे पाहायला वही घेऊन येणाऱ्याचा फोटो कोण छापणार?

सरकारी फलक येण्याआधी या कुंडाला राखणदार होता तो देव. महाडजवळ वाळणकोंडीत किंवा वैतरणेच्या काठी तिळशाला देवाचे मासे म्हणून महसीरसारखे थोराड मासे आजही निर्धास्त फिरतात, लोक त्यांना चुरमुरे टाकतात. तिथला मासा डोळ्यांत भरणारा, त्याची भक्ती करणं सोपं. हिरण्यकेशीचा मासा कुणाच्या लक्षातही येणार नाही असा. त्याला देवळाने सांभाळलं ते बहुधा नकळत, पाण्यात हात घालू नका म्हणता म्हणता.

संध्याकाळी पाऊस थोडा उघडला आणि गावातला एक तरुण म्हणाला, चला सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार; उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं, पावसाळ्यात खळग्याखळग्यात पाणी धरणारं. पर्यटकांना तो ओसाड वाटतो आणि खाण काढणाऱ्यांना मोकळा. डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या संशोधकांनी उत्तर सह्याद्रीतल्या अशा सड्यांचा बारकाईने अभ्यास करून त्यांना पडीक जमिनीच्या रकान्यातून बाहेर काढायचा प्रयत्न केला आहे. बोटभर खोल पाण्याच्या या डबक्यांत एरवी वर्षभर धुळीसारखी पडून राहिलेली फेअरी श्रिम्प या चिमुकल्या कोळंबीवजा जिवांची अंडी पावसाने जागी होतात, आणि डबकं आटायच्या आत पुढची पिढी अंड्यांच्या रूपात मागे ठेवून त्यांतून निघालेले जीव मोकळे होतात.

"बॅटरी खाली धरा. पाय खय पडता ता बगा." तरुण पुढे, मी मागे. त्याच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. ठरावीक वाट, ठरावीक वेळ. दिसलेला प्रत्येक जीव, ऐकलेला प्रत्येक आवाज तो लिहून घेतो. माणसाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी तो आवाज ओळखून घेतो, मग बोलतो. शहरात याला शिष्टपणा म्हणतील.

मग एका उथळ खळग्यात तो दिसला. अंगठ्याएवढा भेक, कुशीवर पिवळ्या-काळ्या रेघा. 'झँथोफ्रायनी टायग्रिना', आंबोली भेक. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली त्याचं वर्णन केलं, आणि त्याच्यासाठी नवी प्रजातीच मांडावी लागली. तिच्यात त्याच्या सोबतीला कोयनेचा एक भेक, बस. आययूसीएनच्या लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. निखिल गायतोंडे, वरद गिरी आणि कृष्णमेघ कुंटे यांनी त्याच्या प्रजननाचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचा जुगार स्पष्ट झाला. हा भेक पावसाच्या सुरुवातीलाच खडकावरच्या तात्पुरत्या डबक्यात अंडी घालतो. त्या पाण्यात त्याच्या पिल्लांना खाणारे फारसे नसतात. पण पावसाने मध्येच दडी मारली तर डबकं आटतं आणि सगळी वीण वाया जाते. पावसाच्या तारखा मागेपुढे होऊ लागल्या की याच्याइतकं नुकसान क्वचितच कोणाचं होत असेल.

त्याच रात्री जांभ्याच्या भेगांत 'इंदिराणा चिरावासी' हाही बेडूक भेटला. आनंद पाध्ये, निखिल मोडक आणि डहाणूकर यांनी २०१४ मध्ये आंबोलीतूनच त्याची ओळख करून दिली. इथल्याच मातीत पाय नसलेला उभयचर, म्हणजे देवगांडूळ, 'गेगेनिओफिस डॅनिएली' या नावाने २००३ साली नोंदला गेला. एवढ्याशा गावाच्या हद्दीत इतक्या नव्या जाती कशा? एक उत्तर पावसात आणि खडकात आहे. दुसरं असं की इथे लोक वाकून पाहतात. मलबार नेचर कॉन्झर्वेशन क्लबसारख्या गावातल्याच मंडळींनी बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांना वाटा दाखवल्या, आणि ते गेल्यावर नोंदी चालू ठेवल्या.

परतताना मोठ्या रस्त्यावर तरुणाने गाडी थांबवून बॅटरी मारली. डांबरावर चपटा झालेला एक भेक. "हो सगळ्यात सोपो मोजूक," तो म्हणाला, आणि वहीत वेगळ्या रकान्यात एक रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी रविवार. घाटातल्या मोठ्या धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागली होती. बेळगावची, कोल्हापूरची, गोव्याची तरुण मंडळी पूर्ण कपड्यांत पाण्याखाली उभी राहून ओरडत होती. मक्याची कणसं, कांदाभजी, चहा आणि स्पीकर. मीही भजी खाल्ली, गरम होती आणि चांगली होती. गोवेकर पाण्यातून बाहेर आल्यावर शांतपणे डबा उघडून जेवत होते, कोल्हापूरकर डबा उघडून आजूबाजूच्यांना जेवायला घालत होते. वाहत्या पाण्याचा हा एवढा लोट, पण त्याखालच्या खडकावर माणसांखेरीज फारसं कोणी टिकत नाही. आदल्या रात्रीच्या सड्यावर करंगळी बुडेल एवढं पाणी होतं आणि तिथे आम्ही दोघंच होतो.

घाट उतरला की पाण्याची दिशा बदलते. इथून पुढे प्रत्येक ओहोळ अरबी समुद्राकडे. दाणोली, सावंतवाडी, कुडाळ. अंगणात माडाची झावळं, शेतांत बायकांची भाताच्या तरव्याची घाई. मालवणला पोचलो तर होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या. समुद्र तपकिरी, सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरी बंद.

किल्ल्याभोवतीच्या याच उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. गाभ्याचा भाग त्यातला तीन चौरस किलोमीटरहून थोडा अधिक. मच्छीमारांनी त्याला कायम विरोध केला, कारण निर्णय त्यांना विचारून झाला नव्हता. पाण्याखालचं मोजमाप मात्र चालू राहिलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अभ्यासक, तारकर्लीच्या स्कूबा डायव्हिंग संस्थेतले पाणबुडे दोरी अंथरून, चौकटी ठेवून प्रवाळ मोजतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी काही आठवडे तापलं, तरी प्रवाळाच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरा पडतो. पाणी वेळेत निवलं तर तो सावरतो. कोणता सावरला, कोणता मेला, हे त्याच दगडापाशी पुन्हा बुडी मारल्याशिवाय कळत नाही. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर खोल समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे, तिथल्या प्रवाळांपर्यंत तर मोजणारे २०१९च्या डिसेंबरात मोठी मोहीम काढून पोचले.

जमिनीवरही मोजणी चालते. १९४७ साली सुरू झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेची माणसं देशभरच्या निवडक बंदरांवर ठरलेल्या दिवशी उभी राहून कुठली बोट, कुठलं जाळं, कुठला मासा किती, हे टिपतात. असे आकडे भांडणातही उपयोगी पडतात. माशांचा थवाच वेढून घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, वर्षानुवर्षं आंदोलन करत होते. या जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. अंमलबजावणी कितपत होते, हा मालवणच्या धक्क्यावर दिवसभर पुरणारा विषय आहे.

त्या दिवशीही तोच चालला होता. होडीच्या सावलीत जाळं सांधत बसलेल्या एका वयस्क रापणकराने माझ्यासाठी जागा केली. याला वर्षं आकड्यांत आठवत नाहीत; फयानच्या आधी, फयानच्या नंतर, तौक्तेच्या साली. तारली कधी भरपूर आली, सौंदाळा कधीपासून लहान झाला, सगळं वादळांच्या खुणेवर. लिहून ठेवलंय का विचारल्यावर त्याने डोक्याकडे बोट दाखवलं.

"तुमी खयसून इलास?"

"आंबोलीहून. मासे बघायला गेलो होतो."

"आंबोलीत माशे?" त्याने सुई थांबवली. "केवढे?"

मी करंगळीचं अर्धं पेर दाखवलं, मग जरा वाढवलं.

"मगे? खाल्लास काय?"

"नाही. नुसते मोजले."

तो इतका हसला की पलीकडच्या होडीतली माणसं उठून बसली. त्यांनाही सांगणं भाग पडलं. मग त्यांच्यातलाच एक विचारू लागला की नुसते मोजायचेच असतील तर आमचे कोण मोजणार, आणि मोजले तर त्या वहीत आमचं नाव येतं का. यावर दोघांचं जुंपलं, आणि चहा येईपर्यंत ते मिटलं नव्हतं.